शेवटचं रिटर्न आणि बंद करण्याची घाई

जुलैचा शेवटचा आठवडा, गिरगावातलं एक घर. बाहेर पाऊस धरलेला, आत ट्यूबलाइट. वडील जाऊन नऊ महिने होऊन गेलेत, पण त्यांचा फोन अजून टीव्हीशेजारी चार्जरला लावलेला असतो. दर महिन्याला त्याचा रिचार्ज होतो. सकाळी चौपाटीवर फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे संदेश त्यावर येत राहतात आणि ते कुणी उघडत नाही. मुलगा लॅपटॉपवर आयकराच्या पोर्टलवर वडिलांचं पॅन टाकतो. पासवर्ड त्यांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर, त्यांच्याच कोरीव अक्षरात. रिटर्न भरून होतं. मग तो स्वयंपाकघराकडे बघून विचारतो, "आई, बाबांच्या फोनवर ओटीपी आला का गं?" आई हात पुसत येते, चष्मा लावते, सहा आकडे एकेक करून वाचते. पडद्यावर हिरवी खूण उमटते. "झालं बाई एकदाचं," ती म्हणते.

मुंबईतल्या शेकडो घरांत हे असंच होतं. कुणाचाही हेतू वाईट नसतो. उलट वडिलांनी आयुष्यभर एकही वर्ष रिटर्न चुकवलं नाही, तर हेही वेळेत जावं, अशी त्यामागे माया असते. तरी ती हिरवी खूण खुपत राहते. त्या रिटर्नच्या पडताळणीत लिहिलेलं असतं की, मी अमुक, अमक्याचा मुलगा, स्वतःच्या अधिकारात जाहीर करतो की वरील माहिती खरी आहे. खाली तारीख जुलैची. महानगरपालिकेच्या दाखल्यावर त्याच माणसाच्या मृत्यूची तारीख ऑक्टोबरची. रिफंड किरकोळ असेल तर कदाचित कुणी विचारणारही नाही. पण पुढे एखादी नोटीस आली, तर त्या रिटर्नच्या मागे उभं राहायला कायद्याच्या दृष्टीनं कुणीच नसतं.

गेलेल्या माणसाचं रिटर्न वारसानं, स्वतःच्या नावानं, वारस म्हणून भरायचं असतं. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १५९ हेच सांगतं. त्या माणसाला जो कर भरावा लागला असता, तो त्याचा कायदेशीर प्रतिनिधी भरेल. आणि त्याची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच राहील. हे दुसरं वाक्य सांगितलं की समोरचा माणूस जरा सैलावतो. बाबांचा जुना कर माझ्या पगारातून कापतील का, ही भीती बऱ्याच जणांच्या मनात असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. सहसा तसं होत नाही. मात्र कर बाकी असताना मालमत्ता विकून किंवा वाटून टाकली, तर तेवढ्या किमतीपुरता वारस स्वतः अडकतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले. पण त्याआधीच्या वर्षांची रिटर्नं जुन्याच कायद्यानं जातात आणि वारसाच्या जबाबदारीचं तत्त्वही तेच राहिलं आहे.

प्रत्यक्षात सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून होते. वॉर्ड ऑफिसातून तो घेताना पाच-सहा प्रती तरी घ्याव्यात आणि एकही लॅमिनेट करू नये, कारण पुढे कुठे शिक्का मारायची वेळ आली तर प्लॅस्टिकवर तो बसत नाही. दाखल्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळतंय का, ते तिथेच उभं राहून पाहावं. आपल्या नावांत घोळ फार. रुग्णालयाच्या कागदावर 'राव' लागलेलं, पॅनवर नाही. पॅनवर वडिलांचं पूर्ण नाव मधे, दाखल्यावर नुसतं आद्याक्षर. बायकांच्या बाबतीत तर माहेरचं नाव जुन्या शेअर सर्टिफिकेटवर, सासरचं आधारवर, आणि पॅनवर दोन्हींची सरमिसळ. दुरुस्ती पहिल्याच महिन्यात सोपी असते. वर्षभरानंतर तीच प्रतिज्ञापत्रं मागते.

पोर्टलवर वारसानं स्वतःच्या पॅननं, स्वतःच्या पासवर्डनं आत शिरायचं. 'ऑथराइज्ड पार्टनर्स' या भागात प्रतिनिधी म्हणून नोंदणी करण्याचा पर्याय आहे. तिथे नवा अर्ज करून प्रकार निवडायचा तो मृत व्यक्तीचा कायदेशीर वारस. मग गेलेल्या माणसाचं पॅन, नाव, मृत्यूची तारीख आणि सोबत कागद जोडायचे. मृत्यूचा दाखला, दोघांची पॅन कार्डं आणि वारस असल्याचा पुरावा. इथवर सगळे येतात. खरी अडचण त्या शेवटच्या कागदापाशी होते.

वारसाचा पुरावा म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे कोर्ट उभं राहतं. फोर्टातली वकिलांची ऑफिसं, स्टॅम्प पेपर, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि महिनोन् महिने वाट. म्हणून लोक म्हणतात, आधी वारस दाखला येऊ दे, मग रिटर्नचं बघू. तोवर रिटर्नची ३१ जुलैची मुदत उलटते, कधी उशिराच्या रिटर्नची ३१ डिसेंबरही उलटते. आयकर खातं मात्र यापेक्षा बरंच सोपं मागतं. कोर्टाचा किंवा महसूल अधिकाऱ्याचा वारस दाखला तर चालतोच. नोंदणीकृत मृत्युपत्र चालतं, सरकारनं दिलेलं कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रमाणपत्र चालतं. आणि बँकेनं लेटरहेडवर शिक्क्यानिशी दिलेलं साधं पत्रही चालतं, ज्यात मृत्यूच्या वेळी त्या खात्याला नामनिर्देशित कोण होतं किंवा संयुक्त धारक कोण होतं, हे लिहिलेलं असतं. बहुतेक मध्यमवर्गीय घरांत हे पत्र मिळण्यासारखं असतं आणि नेमकी हीच गोष्ट कुणी सांगत नाही.

शाखेत जाऊन तसं पत्र मागितलं तर काउंटरवरचा माणूस बऱ्याचदा गोंधळतो, कारण असा छापील फॉर्म त्याच्याकडे नसतो. तेव्हा मजकूर आपणच लिहून न्यावा. अमुक क्रमांकाच्या बचत खात्याचे धारक श्री. अमुक, पॅन अमुक, यांचं अमुक तारखेला निधन झालं. निधनाच्या वेळी या खात्यावर श्रीमती अमुक यांची नामनिर्देशित व्यक्ती म्हणून नोंद आहे. एवढं पुरतं. खाली शाखाधिकाऱ्याची सही, नाव, शिक्का, तारीख. स्कॅन स्वच्छ करावा. फोनवर तिरका काढलेला, बोटाची सावली पडलेला फोटो हे अर्ज फेटाळला जाण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. फेटाळला तर कारण पोर्टलवर दिसतं आणि अर्ज पुन्हा करता येतो. खचून जाण्याचं काही कारण नाही. वारस अनेक असले तरी नोंदणी एकाचीच होते, म्हणून बाकीच्यांची लेखी संमती घेऊन ठेवलेली बरी. पोर्टल ती मागत नाही. भावंडांच्या मनात मात्र तिची जागा असते.

मंजुरी आली की आपल्याच लॉगिनमधून वडिलांच्या खात्यात जाता येतं आणि मग त्यांचं वार्षिक माहितीपत्रक, ते एआयएस, उघडतं. हे वाचणं जड जातं. कुठल्या बँकेत किती व्याज, कुठल्या कंपनीचा किती लाभांश, हे सगळं ओळीनं. त्यात बायकोला ठाऊक नसलेली एखादी सहकारी बँकेतली ठेव निघते, कुणी तरी वीस वर्षांपूर्वी घ्यायला लावलेले शेअर्स निघतात. काटकसर करून, स्वतःसाठी एकही चांगला शर्ट न घेता ठेवलेले पैसे असतात ते. राग येतो, आणि त्याच क्षणी गलबलूनही येतं. कामाच्या दृष्टीनं बघायचं तर हे माहितीपत्रक म्हणजे गेलेल्या माणसाच्या मालमत्तेची सर्वांत विश्वासू यादी. ती डाउनलोड करून ठेवावी. बँकांचे आणि डीमॅटचे दावे करताना हीच हाताशी लागते.

आता आकडे. मृत्यू वर्षाच्या मध्ये झाला की उत्पन्न त्या तारखेला तुटतं. १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचं गेलेल्या माणसाचं, पुढचं वारसाचं. करमाफीची मर्यादा मात्र तुटत नाही, ती पूर्ण वर्षाचीच मिळते. समजा एक सेवानिवृत्त गृहस्थ १४ ऑक्टोबर २०२५ ला गेले, मागे पत्नी ही एकटीच वारस. पेन्शन महिना ४५,००० रुपये. सहा महिन्यांचे २,७०,००० आणि ऑक्टोबरच्या चौदा दिवसांचे २०,३२३, मिळून २,९०,३२३. ठेवींवरचं व्याज वर्षाला १,४०,०००. बँकेनं ३१ मार्चला हे सगळं व्याज त्यांच्याच पॅनवर दाखवलं आणि दहा टक्क्यांनी १४,००० रुपये टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला, कारण तिला कुणी वेळेत कळवलंच नाही. त्यातलं त्यांचं व्याज फक्त १९७ दिवसांचं, म्हणजे ७५,५६२ रुपये. नव्या करपद्धतीत पेन्शनमधून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की एकूण उत्पन्न उरतं २,९०,८८५. चार लाखांच्या आत. कर शून्य.

मग रिटर्न कशाला? त्या टीडीएससाठी. त्यांच्या वाट्याचे ७,५५६ रुपये रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. उरलेलं ६४,४३८ रुपयांचं व्याज पत्नीचं उत्पन्न आणि त्यावरचा ६,४४४ रुपयांचा टीडीएसही तिच्याच हक्काचा. तो तिच्या पॅनकडे वळवण्याची तरतूद आयकर नियम ३७ बीए मध्ये आहे. रिटर्नमधल्या टीडीएसच्या तक्त्यात दुसऱ्याच्या पॅनवर कापलेला कर दाखवायला रकाना असतो. दोन्ही रिटर्नांत आकडे एकमेकांना तंतोतंत जुळले पाहिजेत. एका बाजूनं वळवला आणि दुसऱ्या बाजूनं मागितलाच नाही, किंवा दोघांनीही पूर्ण १४,००० मागितले, की दोन्ही रिटर्नं अडकतात. बँकेला पहिल्या महिन्यात कळवलं असतं तर ही सगळी आकडेमोड टळली असती. टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिक जो फॉर्म भरून देतात (जुन्या कायद्यात तो पंधरा-एच होता), तोही माणसाबरोबर संपतो. पत्नीला आपल्या नावानं नवा द्यावा लागतो.

कुटुंब निवृत्तिवेतन हे वेगळंच प्रकरण. ते पत्नीच्या रिटर्नमध्ये 'इतर उत्पन्न' म्हणून जातं, पगार म्हणून नाही. त्यावर ७५,००० ची वजावट नाही. एक-तृतीयांश किंवा नव्या पद्धतीत २५,००० रुपये, यांत कमी असेल ती. जुन्या पद्धतीत हा आकडा १५,००० आहे. कितीतरी घरांत वडिलांचंच मागच्या वर्षीचं रिटर्न समोर ठेवून आईचं भरलं जातं आणि मोठी वजावट घेतली जाते. विम्याचे मृत्यूनंतर मिळालेले पैसे करमुक्त, वारशानं मिळालेली रक्कम करमुक्त. भाडं येत असेल तर मृत्यूनंतरचं भाडं वारसांमध्ये हिश्श्यानं विभागायचं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलगे, मुली आणि गेलेल्या माणसाची आई हयात असेल तर तीही, सारख्या वाटेकरी. भाडं एकाच्याच खात्यात जमा होत असलं तरी.

परदेशी असलेली मुलं फोनवर हमखास विचारतात की तिथल्यासारखा इस्टेट टॅक्स इथे किती. आपल्याकडे १९५३ सालापासून मालमत्ता शुल्क (इस्टेट ड्यूटी) होतं, मोठ्या मालमत्तांवर त्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत जायचा. १६ मार्च १९८५ पासून होणाऱ्या मृत्यूंना ते लागत नाही. इथे वारशावर कर नाही. पण अमेरिकेत करदाता असलेल्या मुलाला परदेशी व्यक्तीकडून वर्षात १ लाख डॉलरपेक्षा जास्त वारसा मिळाला, तर तिथे फॉर्म ३५२० भरून तसं कळवावं लागतं. कर नसतो, न कळवल्याचा दंड मात्र जबर असतो. पार्ल्याचा फ्लॅट विकून आलेला हिस्सा न्यू जर्सीला पाठवण्याआधी हे त्याला सांगायला हवं.

मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमला असेल आणि वाटणी व्हायला वेळ लागत असेल, तर मधल्या काळातलं उत्पन्न मालमत्तेच्या नावानं वेगळ्या रिटर्नमध्ये जातं. ते व्यवस्थापक भरतो, वाटणी पूर्ण होईपर्यंत दर वर्षी.

आता घाईबद्दल.

आपल्याकडे दुःखाला दिवस ठरलेले आहेत. दहावा, तेरावा, मासिक श्राद्धं, मग वर्षश्राद्ध. त्या ओघात घरातलं कर्तं माणूस म्हणतं, वर्षाच्या आत सगळं आवरून टाकू. सिम बंद, खातं बंद, पॅन परत. त्यात एक मोकळं होणं असतं, आणि ते चुकीचं म्हणता येत नाही. आईला रोज तो फोन वाजताना ऐकू येतो, पासबुकावर ते नाव दिसतं. पण आयकराचं वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं. जो माणूस मे २०२५ मध्ये गेला, त्याची दोन रिटर्नं बाकी असतात. आधीच्या पूर्ण वर्षाचं त्याच वर्षी, आणि एप्रिल-मेच्या तुकड्याचं थेट पुढच्या वर्षी, जुलै २०२६ पर्यंत. त्यानंतर रिफंड. म्हणजे ज्या खात्यात पैसे यायचे, ते सव्वा-दीड वर्ष जिवंत हवं. ते तेराव्यानंतर लगेच बंद केलं की रिफंड निघतो, बँकेच्या दारातून परत जातो आणि पोर्टलवर 'खातं बंद' असा शेरा येतो. मग रिफंड पुन्हा मागण्याचा अर्ज, पण कुठल्या खात्यात? गेलेल्या माणसाच्या पॅनला जोडलेलं, त्याच्याच नावाचं, पडताळलेलं खातं आता उरलेलंच नसतं. तिथून पुढे अधिकाऱ्याला पत्रं, तक्रार निवारण, महर्षी कर्वे रोडवरचं आयकर भवन किंवा बीकेसीच्या फेऱ्या. सात हजारांसाठी सत्तरीतली बाई किती फिरणार? बहुतेक जणी सोडून देतात. मला याचंच फार वाईट वाटतं, कारण ते पैसे त्यांचेच असतात आणि केवळ एक गोष्ट दुसरीच्या आधी केली म्हणून जातात.

म्हणून कळवणं आणि बंद करणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. कळवायचं लगेच. पेन्शन देणाऱ्या बँकेला तर पहिल्याच आठवड्यात, कारण मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत द्यावी लागते आणि तोवर ती खर्च झालेली असते. ठेवीच्या बँकांना कळवायचं, म्हणजे व्याजाची विभागणी नीट होते. ठेवीदार गेल्यामुळे मुदतीआधी ठेव मोडली तर त्याचा दंडही लागत नाही. पण एक बचत खातं, जे पोर्टलवर पडताळलेलं आहे, ते मागे ठेवायचं. मृत्यू कळवल्यावर बँक त्यातून पैसे काढू देत नाही. येणाऱ्या रकमा मात्र गेलेल्या माणसाच्या इस्टेटच्या नावाच्या खात्यात जमा करून घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये आहे. शाखेत ती नाव घेऊन मागावी लागते. संयुक्त खातं असेल तर पतीचं नाव काढण्याचा अर्ज रिफंड येईपर्यंत थांबवता येतो का, हे आधी विचारून घ्यावं; नाव निघालं की पोर्टलवरची पडताळणी मोडण्याची शक्यता असते.

फोन नंबरचंही तेच. वारसाची नोंदणी झाली की पोर्टलवर संपर्कासाठी वारसाचा मोबाइल आणि ईमेल टाकून घ्यायचा. रिटर्नची पडताळणी मग वारसाच्या स्वतःच्या आधारवर येणाऱ्या ओटीपीनं होते, तीस दिवसांच्या आत. त्यानंतर त्या जुन्या सिमचं आयकराशी काम उरत नाही. कधी तरी ते बंद होणारच असतं. रिचार्ज थांबला की काही काळानं तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि बँकेचे संदेश अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. म्हणून प्रत्येक बँकेतून, डीमॅटमधून तो आधी काढून घ्यायचा. मृत्यूची नोंद आधारकडे झाली की ते आधार निष्क्रिय होतं आणि गिरगावच्या त्या घरासारखा ओटीपी यायचा थांबतो. ज्यांनी वारस म्हणून नोंदणी केलेली नसते, त्यांना हे नेमकं ३० जुलैच्या रात्री समजतं. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. उत्पन्न करपात्र मर्यादेवर असेल तर पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० आणि त्यापुढे ५,००० रुपये शुल्क. मर्यादेच्या खाली असेल तर शुल्क नाही.

नोटीस आली तर घाबरून ती फाइलमध्ये दडवू नये. मृत व्यक्तीच्या नावानं काढलेली पुनर्मूल्यांकनाची नोटीस टिकत नाही, असे निर्णय मुंबई उच्च न्यायालयासह अनेक उच्च न्यायालयांनी दिले आहेत. तरीही मृत्यू कळवलेला बरा. उत्तरादाखल मृत्यूचा दाखला जोडून लेखी कळवायचं आणि पोचपावती जपायची. मृत्यूच्या आधीच सुरू झालेली कारवाई मात्र थांबत नाही. ती आहे त्या टप्प्यापासून वारसावर पुढे चालते.

नामनिर्देशनावरून घराघरांत जी कटुता येते, तिचाही करांशी संबंध आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतून वर गेलेल्या एका खटल्यात शेअर्सच्या बाबतीत पुन्हा स्पष्ट केलं. पैसे नॉमिनीच्या हाती येतात, हक्क वारसांचा राहतो आणि त्यावरचं पुढचं व्याज ज्याचा हक्क त्याच्या उत्पन्नात जातं. धाकट्याच्या नावावर नॉमिनेशन आहे म्हणून सगळा लाभांश त्याच्याच रिटर्नमध्ये, हे बरोबर नाही.

घराचे कागद सर्वांत शेवटी लागतात आणि सर्वांत आधी हरवतात. फ्लॅट वारशानं मिळताना कर नाही, विकताना आहे. खरेदीची किंमत आणि ताब्याचा काळ वडिलांचाच धरला जातो. १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेलं घर असेल तर त्या दिवसाची बाजारभावाची किंमत घेता येते, मुद्रांक शुल्कासाठीच्या त्या दिवशीच्या मूल्याच्या मर्यादेत. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी, करासाठी भारतात रहिवासी धरल्या जाणाऱ्या वारसाला १२.५ टक्के साधा किंवा २० टक्के महागाई निर्देशांकासह, यांत कमी पडेल त्या हिशेबानं कर भरता येतो. त्यासाठी मूळ करारनामा, मुद्रांक भरल्याची पावती, सोसायटीचं ५० रुपयांच्या पाच शेअर्सचं ते पिवळं पडलेलं सर्टिफिकेट, दुरुस्तीसाठी सोसायटीनं घेतलेल्या वर्गणीच्या पावत्या, सगळं एका कोरड्या फाइलीत हवं. मुंबईच्या पावसात लोखंडी कपाटातले कागदही सर्द होतात, शाई पसरते.

रिटर्न गेलं, त्याची प्रक्रिया झाल्याचा संदेश आला, रिफंड जमा झाला, टीडीएस ज्याचा त्याला मिळाला, की मग खातं बंद करायचं. आणि त्यानंतर पॅन. संबंधित मूल्यांकन अधिकाऱ्याच्या नावानं एक साधं पत्र, त्यात नाव, पॅन, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, सोबत दाखल्याची आणि पॅन कार्डाची प्रत. कुठला अधिकारी, ते पोर्टलवर पॅन टाकलं की दिसतं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा आणि ती प्रत त्या फाइलीतच ठेवायची, पुढची सहा-सात वर्षं तरी.